मामांची वही आणि टाकीतली राख

आमच्या मामांनी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या धुतल्या आणि निवृत्त होताच ते थेट शास्त्रज्ञ झाले. घरामागे गॅसची टाकी बांधली. तिच्यात शेतातला पालापाचोळा, मक्याची धाटं, भाज्यांची सालं आणि थोडं शेण जायचं, आणि नळीतून स्वयंपाकघरात गॅस यायचा. म्हणजे यायला हवा होता. ज्योत इतकी लाजरी, की मामी शेगडीजवळ खोकायचीसुद्धा नाही.

मामा हार मानणाऱ्यातले नव्हते. कधी शिळं ताक, कधी लाकडी कोळशाची पूड, मोजून टाकीत घालायचे आणि वहीत तारखेनिशी लिहायचे. "वहीत नाही ते घडलंच नाही," असं वर आम्हालाच ऐकवायचे.

शेवटी मामीने सांगून टाकलं, "रविवारी या गॅसवर चहा उकळला तर ठीक. नाहीतर सोमवारी टाकी बुजवून मी तिथे वांगी लावणार."

मामांचं तोंड उतरलं. शाळेत तीस वर्षं त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, ही टाकी तेवढी त्यांची स्वतःची होती. मला खरंच वाईट वाटलं.

तोवर मामी मागच्या दारी चुलीवर रांधत होती. आणि रविवारी ज्योत निळी, ताठ! चहा उतू गेला. मामांनी गल्लीभर कोळशाच्या पुडीचे गोडवे गायले. टाकी वाचली, चूल विझली. आठवड्याभरात ज्योत पुन्हा मान टाकून बसली.

मामा वही चाळत राहिले. कोळसा तर तेवढाच होता.

"मामी, त्या रविवारच्या आधी तू चुलीतली राख टाकीत टाकत होतीस ना?" मी पाहिलेलं आठवून सहज विचारलं.

"हो. त्या आठवड्यात आंबट वास सहन होईना, म्हणून. आता चूलच नाही, तर राख कुठली?"

लिटमसच्या पट्ट्या हाताळण्यात जन्म गेलेला माणूस कपाळाला हात लावून बसला. टाकीला आंबटपणा बाधत होता आणि राख तो मारत होती.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

मामांनी वही आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "तूच लिही. तारीख घालून."

मामीने चष्मा शोधून आणला आणि सावकाश लिहिलं, 'राख, साधारण चार मुठी. मोजली नव्हती.'