पाण्याचा दिवस

कोल्हापूर सोडून आम्ही छत्रपती संभाजीनगरात आलो: मी, चौथीतली लेक, कुत्रा आणि मांजर. तिकडं नळ रोज यायचा. इथं पाणी आठ-आठ दिवसांनी. ते आलं की अख्खी गल्ली अंगणात. जमिनीखालच्या हौदाचं झाकण काढायचं, पाइप सोडायचा आणि हौद भरेपर्यंत तोंड तसंच उघडं. मी बिचकले तेव्हा शेजारच्या भाभी हसल्या, "डरो मत, सगळ्यांचं असंच असतं."

पुढं एका पाण्याच्या दिवशी स्वयंपाकघरातली पिंपं भरून मी बाहेर आले, तर घर चिडीचूप. लेकीला हाका मारल्या, ओ नाही. कुत्रा नाही, मांजर नाही. हौदाच्या काठावर लेकीची एक चप्पल.

तिथंच पालथी पडून मी खांद्यापर्यंत हात आत घातला. काळं, गार पाणी वर चढत होतं. भाभी भिंतीवरून विचारत होत्या, "क्या हुआ?" मी आणखी आत वाकले.

तेवढ्यात मागच्या खोलीतून कुत्रा कण्हला. मी दार बडवलं. लेकीनं कडी काढली. मांजर टोपलीत कोंडलेलं, कुत्रा खाटेला बांधलेला. मी तिला गदागदा हलवलं. "ओ द्यायला काय झालं होतं गं?"

"ओ दिली असती तर तू दार उघडायला लावलं असतंस. आज मांजर हौदापाशी गेलं होतं, त्याला उचलून पळताना चप्पल राहिली. पाणी आलं की आम्ही दर वेळी इथंच बसतो." मग हळूच तिनं विचारलं, "झाकण लावलंस?"

मी लावलं नव्हतं.