आठ पिस्टन आणि चिमूटभर मीठ

आमच्या धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याइतकं मोटारीतलं कळणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि त्याच्याइतकं मोटारीतलं न कळणाराही झाला नाही, हेही तितक्याच छातीठोकपणे सांगतो. पुसदपासून दोन कोसांवर आमचं कपाशीचं शेत. शेताच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, बंजाऱ्यांचा तांडा, आणि तांड्याच्या पहिल्याच घरात हा राहतो. त्याच्या मागच्या पिढ्या लदेणी करणाऱ्या, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या. आगगाडी आली, लदेणी बसली आणि तांडा शेतीला लागला. शेती हा आमच्या वडिलांचं पाहून पाहून शिकला. बैल मात्र त्याला कोणाला शिकवावा लागला नाही. जे जे म्हणून हालतं ते बैल, अशी त्याची पक्की समजूत, आणि ती आजवर कोणाला काढता आली नाही.

मी पहिली सायकल घेतली तेव्हा साऱ्या गावाने तिची घंटी वाजवून पाहिली. याने मला ती हातात धरून समोरून चार वेळा ये-जा करायला लावली. स्वतः उकिडवा बसून तिची चाल न्याहाळली आणि मागच्या पायात खोट आहे, असा निकाल दिला. मी हसलो. आठ दिवसांत मागचं चाक वाकडं निघालं आणि माझं हसू बंद झालं. नवी वस्तू घेतली की तिला तीन दिवस कामाला लावायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम. कंदील आणला तर तो तीन दिवस नुसता खुंटीला टांगलेला असायचा आणि घरातली माणसं अंधारात चाचपडत जेवायची. आधी त्याला घराची सवय होऊ द्या, म्हणायचा.

अशा माणसाच्या हाती मोटार लागली. आपला जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाची गोष्ट. घाटंजीच्या एका कापूसवाल्या शेठच्या कोठारात लांब नाकाची एक अमेरिकन गाडी युद्धापासून उभी होती. आत कोंबड्यांनी अंडी घातली होती, पण नाकाखाली आठ सिलिंडरचं इंजिन होतं: चार डावीकडे, चार उजवीकडे. ते 'चार डावे, चार उजवे' ऐकलं आणि आमच्या शेजाऱ्याचं भान गेलं. एक बैलजोडी आणि दुभती म्हैस देऊन तो गाडी घेऊन आला; आला म्हणजे, दुसऱ्या बैलजोडीने ओढत आणली. त्या वर्षी पोळ्याला त्याने गाडीच्या दिव्यांना गेरू लावला, बॉनेटवर झूल टाकली आणि ढकलत ढकलत नेऊन तिला तोरणाखाली बैलांच्या ओळीत उभं केलं. पूजा आटोपल्यावर याने आनंदाने भोंगा वाजवला. तांड्यातले आणि आमचे मिळून सगळे बैल तोरण घेऊन पळाले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. पुढे वर्षभर आमच्या वडिलांनी त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

पुढे एका मिस्त्रीच्या मदतीने गाडी चालू झाली, आणि सपाटीवर ती बरी चालायचीही. पण उमरखेडच्या वाटेवर एक घाटी लागते. तिथे पहिल्या वळणावर इंजिन नुसतं गरजायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मग सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. घाटीतले गुराखीही या गाडीला ओळखत. ती दिसली की हातातली काठी ठेवून आपसूक मागे येऊन उभे राहत. एका हिवाळ्यात त्याची म्हातारी आईसुद्धा गाडीत होती. तांड्यात आईला याडी म्हणतात, मीही तिला याडीच म्हणायचो. याडी उतरली, तिने एकवार गाडीकडे पाहिलं आणि घरापर्यंत चालत गेली. त्यानंतर ती गाडीच्या सावलीलाही उभी राहिली नाही.

आणि नेमका त्याच हिवाळ्यात निरोप आला. घाटीपलीकडे उमरखेडच्या अंगाला याडीच्या धाकट्या बहिणीचा तांडा होता. बहिणीने अंथरूण धरलं होतं, आणि एकदा तोंड दाखवून जा, असं तिने बाजारातल्या माणसाबरोबर कळवलं होतं. सर्व्हिस मोटारीच्या, म्हणजे उतारूंच्या बसच्या, नुसत्या वासाने याडीला ओकारी यायची, आणि बैलगाडीचे दोन दिवसांचे हिसके तिच्या हाडांना सोसणारे नव्हते. मुलगा तिच्यासमोर जाऊन बसला. माझ्या गाडीने नेतो, म्हणाला. याडी म्हणाली, "चढणीवर माणसाले उतरवते ते जनावर लादाचं नसते. तुह्या गाडीत मी बसीन. पण घाटीत मले उतरा लागलं, तर तिथूनच पायी वापस येईन. बहीण भेटो का न भेटो."

म्हातारी शब्दाला किती पक्की आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारी तसाच उठला आणि मिस्त्रीला घेऊन नागपूरला गेला. इंजिनाची सिलिंडरं त्याने घासून नवी करून आणली आणि पिस्टनांचे दोन संच पसंतीसाठी घरी आणले: एक उंच डोक्याचा, एक सपाट डोक्याचा. दोन्ही संच लिंबाखाली बाजेवर मांडले. पुढचे आठ दिवस बाज पिस्टनांची आणि तो खाली जमिनीवर. येणारा-जाणारा प्रत्येक जण पिस्टन हातात घेऊन मत देऊन जायचा. उंच डोक्याच्या पिस्टनांत जोर जास्त, असं मिस्त्री सांगत होता, पण पेट्रोल चांगलं लागेल, नाहीतर इंजिन आतून ठोके देईल, असंही सांगत होता. शेजाऱ्याने पुसदच्या पेट्रोलचा वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला, थुंकला, आणि सपाट डोक्याचे ठेवून घेतले. "हे उंच डोक्याचे मोठ्या घरचे हायेत," तो मला म्हणाला. "आपल्या इथचा चारा त्यायले मानवत नाही." मिस्त्रीने मान डोलावली, दहा वर्षांच्या धंद्यात त्याला ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगता आली नव्हती.

यानंतर जो घोटाळा झाला त्याचा धनी मी आहे. आणलेले पिस्टन वजनाला अगदी सारखे नव्हते, कोणी हलका तर कोणी जड. शेजाऱ्याने मला विचारलं की आठ बैल एका गाड्याला जुंपायचे तर तुमच्यात कसे जुंपतात. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला एवढं येत होतं. मी ऐटीत सांगितलं की हलकी, चपळ जोडी पुढे आणि जड, दमदार जोडी मागे, ओझ्याजवळ. त्याने तसेच पिस्टन बसवले. इंजिन चालू केलं तेव्हा गाडी उभ्या जागी अशी थरथरली की आरसा निखळून पडला, दाराची कडी आपोआप उघडली आणि सीटवर बसलेल्या मिस्त्रीचा बोलता बोलता दातांखाली ओठ आला. मिस्त्रीने मला त्या दिवशी जे नाव ठेवलं ते मी इथे लिहीत नाही.

हा सगळा आवाज याडी ओसरीतून ऐकत होती. तिला डोळ्यांनी आता फारसं दिसत नसे. तिने मुलाला बोलावून काय केलं ते विचारलं, आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला. आपण गाडेवाले कधीपासून झालो, असं तिने त्याला विचारलं. लदेणीचा बैल जुंपत नाहीत. त्याच्या पाठीवर गोणी असते, अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे, आणि एक बाजू मूठभर जरी जड झाली तरी कोसभरात पाठ सोलून निघते. लहानपणी बापाबरोबर फिरताना गोण्या तोलायचं काम तिच्याकडेच होतं. तिने एक सरळ काठी मागवली, मधोमध दोरी बांधून लिंबाच्या फांदीला टांगली, दोन्ही टोकांना टोपल्या अडकवल्या. एकात एक पिस्टन, दुसऱ्यात दुसरा. काठीवर एक बोट ठेवून ती डोळे मिटून बसली आणि हलक्या टोपलीत चिमटीने मीठ टाकत गेली. काठी थांबली की ते मीठ बाजूला काढून ठेवायचं आणि तेवढ्याच वजनाचा कीस जड पिस्टनच्या आतल्या अंगाने कानशीने उतरवायचा. पुन्हा टोपली, पुन्हा बोट. मिस्त्री आधी हसत होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः मिठाची वाटी धरून तिच्या पायाशी बसला होता. तिसऱ्या दिवशी आठातले कोणतेही दोन टोपल्यांत ठेवले तरी मिठाचा एक खडा लागत नव्हता. पिस्टन बसवले, इंजिन चालू केलं, आणि चालू झालं की नाही ते पाहायला मला बॉनेटला कान लावावा लागला.

राहिला क्लच. घाटीत इंजिन गरजतं पण चाकं हलत नाहीत, कारण क्लचची पकड सुटते, हे मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेजाऱ्याने ट्रकचा क्लच घेतला, कारण तो सगळ्यांत दांडगा होता. तो दाबायला मांडीची सगळी ताकद लागायची आणि सोडला की गाडी उडीच मारायची. पुसदच्या आठवडी बाजारात तिने अशी एक उडी मारली आणि तोंड थेट केळीवाल्याच्या गाड्यात घातलं. शेजाऱ्याने केळीवाल्याची माफी मागितली, गाडीला मात्र बोल लावला नाही, आणि क्लच परत केला. दुसऱ्या खेपेला त्याने मोटारीचाच क्लच आणला, अस्तर नवं आणि स्प्रिंगा मधल्या ताकदीच्या. दुकानदाराला त्याने एवढंच सांगितलं होतं, "धरला पाहिजे, पण धरला हे कोणाले कळू नाही."

ठरल्या दिवशी सकाळी निघालो. पुढे तो आणि मी, मागे याडी, शिवाय बहिणीसाठी जवारीचं पोतं, तुरीचं गाठोडं आणि दोन कोंबड्या. घाटी लागली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. याडी खिडकीची कड धरून बसली होती. तिसऱ्या वळणावर समोरून सर्व्हिस मोटार उतरत आली आणि ऐन अरुंद जागी आम्हाला थांबावं लागलं. चढावर, भरल्या ओझ्याने. आमची गाडी थांबलेली पाहताच सर्व्हिसमधली दहा-बारा माणसं खाली उतरली आणि सवयीप्रमाणे आमच्या मागे येऊन उभी राहिली. मीही सवयीने चाकाला दगड लावायला दार उघडलं. मागून याडीने माझी बंडी धरली.

"बस, बापू," ती म्हणाली. "त्याले करू दे."

शेजाऱ्याने खिडकीतून मान काढून मागच्या माणसांना हात लावू नका, एवढंच सांगितलं. सर्व्हिस बाजूने निघून पुढे जाऊन थांबली. त्याने क्लच सोडायला सुरुवात केली. इतका हळू की मला त्याचा पाय हललेलाही दिसला नाही. गाडी एक वीतही मागे आली नाही. ती पुढे सरकली, मग चालू लागली, आणि मागची माणसं मोकळे हात घेऊन रस्त्यात उभी राहिली. कोणीतरी शिट्टी वाजवली. मग सगळेच ओरडले. सर्व्हिसचा ड्रायव्हर गाडी ओळखत होता, त्याने भोंगा धरून ठेवला. मला आजवर परीक्षेत, लग्नात, कशातच इतका आनंद झालेला नाही. शेजारी मात्र समोर पाहत होता आणि त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

माथ्यावर याडीने गाडी थांबवायला लावली. आता घाटी संपली, आता मी उतरते, म्हणाली. चाचपडत पुढे आली आणि बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे. पत्रा चांगलाच तापला होता, पण तिने हात काढले नाहीत. तिचा बाप याच माथ्यावर बैल थांबवायचा आणि गोण्या उतरवून एकेकाची पाठ पाहायचा, असं ती मला सांगू लागली. मग मुलाकडे तोंड करून म्हणाली, "सोलली नाही." गाडी घेतल्यापासून त्याने ऐकलेली ती पहिली शाबासकी. दुपारपर्यंत आम्ही पोचलो. दोघी बहिणी एकमेकींचे चेहरे हातांनी पाहत संध्याकाळपर्यंत बसून होत्या, आणि धाकटीने त्या दिवशी भाकरी मागून खाल्ली.

धाकटी पुढे दोन महिन्यांनी गेली. याडीही आता नाही. घाटी फोडून रस्ता रुंद केला आहे आणि एस.टी. तिथून न थांबता जाते. गेल्या महिन्यात त्याच गाडीतून आम्ही दोघे उमरखेडला निघालो होतो. माथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि उतरला. मी विचारलं, "काहून थांबला गा? चांगली तर चालून राह्यली."

तो बॉनेटपाशी उभा होता, दोन्ही तळहात पत्र्यावर ठेवून. "पाठ पाहून राह्यलो," तो म्हणाला. मी उतरून त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. पत्रा गरम होता. मीही हात काढले नाहीत.