भोसरीच्या उघड्या चेंबरपाशी हळदीकुंकू

"मॅडम, फील्डवर्कला जा, पण फोटोत येऊ नका," आमचे विभागप्रमुख म्हणाले. झालं! तिथंच ठरलं, जायचं आणि फोटोतही यायचं.

मी ताथवड्याच्या एका कॉलेजात शिकवते. माणसं मोबाइलवरून महापालिकेशी कशी भांडतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. लोक सुट्टीत हिल स्टेशनला जातात, मी तक्रार जिथून आली तिथं जाते. या खेपेला भोसरी. तिथली रेखा मूळची परभणीची, चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासायचं काम करते. गल्लीतल्या ड्रेनेजच्या उघड्या चेंबरमध्ये तिची सासू पडली आणि पाय मोडून बसली. रेखाने महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, तर उत्तर आलं 'निकाली', सोबत नव्याकोऱ्या झाकणाचा फोटो. झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी गल्लीतलं! रेखाने तो फोटो आणि आपलं चेंबर असा व्हिडिओ केला, तो भोसरीभर फिरला. मग घरमालक दारात आले. व्हिडिओ काढ, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी कर.

"मी काही काढत नसते मॅडम," रेखा फोनवर म्हणाली. "संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलंय. चेंबरपाशीच. या की."

मी राहते वाकडला. तिथून टॅक्सी करू नका. पैसे जातात आणि नाशिक फाट्याला अडकायचं ते अडकताच. मी बसने गेले, दोन वडापावच्या पैशांत. फाट्याला बस जी थांबली ती हलेचना. मागून कुणीतरी ओरडलं, "राव, चालत गेलो असतो तर पोचलो असतो!" कंडक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "उतरा की भाऊ, कुणी धरून ठेवलंय?" कुणी उतरलं नाही.

रविवार असूनही भोसरीत वर्कशॉपांचा खडखडाट चालूच होता. स्टॉपसमोरच्या टपरीवर मिसळ खा. रस्सा असा झणझणीत की विभागप्रमुखांनी दिलेली समज माझ्या नाकाडोळ्यांतून वाहून गेली.

रेखाची गल्ली म्हणजे समोरासमोर भाड्याच्या खोल्या आणि टोकाला मालकांचं दुमजली घर. मधोमध ते चेंबर. त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून लाल चिंधी बांधलेली. आज त्याच्याभोवती ऐसपैस रांगोळी, शेजारी सतरंज्या, आणि काळ्या साड्या नेसून बसलेल्या बायका. वाण काय, तर स्टीलची झाकणं! मी तर हसतच सुटले. खुर्चीला बांधलेल्या मोबाइलवरून सगळं लाइव्ह चाललं होतं.

एवढ्यात वरच्या गॅलरीतून मालक गरजले, "ए रेखा, बंद कर त्यो मोबाइल! गावाची इज्जत काढायला आलीस व्हय?"

बायकांनी माना वर केल्या. माझं काय, मी संध्याकाळी वाकडला परत जाणार. खोली रेखाची जाणार होती.

रेखाने हळदीकुंकवाचा करंडा उचलला आणि सरळ मालकांचा जिना चढली. दारात त्यांची बायको, शांताकाकू, उभ्या होत्या.

"काकू, हळदीकुंकवाला चला."

"न्हाई जायाचं!" मालक ओरडले.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "कुंकवाला न्हाई म्हनत्यात व्हय? माज्या सासूनं कदी न्हाई म्हनलं न्हाई, आन् मी म्हनू? येडं का खुळं!" डोक्यावर पदर घेतला आणि उतरल्या खाली.

रेखाने त्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात झाकण ठेवलं. काकू वाकून चेंबरात बघत राहिल्या. "हितं पडली व्हय म्हातारी?" मग मोबाइलकडे वळल्या. "चालू हाय का ह्यो?"

"हाय काकू," रेखा म्हणाली.

"मग ऐका. ह्ये आमच्या दारातलं चेंबर हाय. उघडं हाय. निकाली न्हाई आन् फिकाली न्हाई!"

अशा टाळ्या पडल्या म्हणता! रेखाने मान वर करून विचारलं, "मालक, आता काढू का व्हिडिओ? काकू आहेत यात." मालक आत निघून गेले. त्यांनी दार मात्र आपटलं नाही.

"उद्या माजं हळदीकुंकू," काकू म्हणाल्या. "हितंच." रथसप्तमीपर्यंत रोज एकीचं, असं तिथंच ठरलं. निघताना मी सगळ्यांच्या मधोमध, झाकण उंच धरून फोटो काढून घेतला.

घरी आले. रेखाचा मेसेज आला होता, "मॅडम, खोली सोडायचं कुणी बोललं नाही. उद्याची रांगोळी काकूंनी मलाच सांगितलीय." वाचून डोळे भरून आले. ॲप उघडलं, तर अजून 'निकाली'च. चीड आली. स्वतःचं पूर्ण नाव घालून मी त्याच चेंबरची नवी तक्रार टाकली, सोबत माझा तो फोटो जोडला. मग तोच फोटो विभागप्रमुखांना पाठवला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला.

सेक्रेटरींनी लगेच लिहिलं, "मॅडम, इथे राजकारण नको."

मी लिहिलं, "हळदीकुंकवाचं आमंत्रण आहे. नाही म्हणू नये."