दादाचं विमानाचं तिकीट

विमान धुक्यात अडकलं की एअरपोर्टवर माणसं साचतात, आणि माणसं साचली की किस्से साचतात. आम्ही राहतो शेटलंडला. म्हणजे स्कॉटलंड संपल्यावर समुद्रात आणखी वर! तिथे धुकं नेहमीचंच. त्यामुळे किस्से भरपूर, आणि त्यातले बरेचसे माझ्या दादाचे. तो तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी दहावी नापास, गावातल्या एकुलत्या इंडियन रेस्टॉरंटात तंदूरवर.

खरं तर सांगायला तोच हवा होता. तो सांगायचा आणि मी हसायचो, अशी आमची वाटणी होती. पण गेल्या महिन्यात दादा गेला. झोपेतच. नागपूरहून आई फोनवर एवढंच म्हणाली, "मन्या, दहाव्याच्या आत त्याला घरी आण."

ते सांगतोच. आधी बाकीचं.

* * *

आमच्या बेटाची गंमत अशी, की लंडनहून मुंबईला जायला जेवढं भाडं पडतं त्याहून जास्त कधी कधी बेटावरून लंडनला जायला पडतं! लंडनमधल्या स्टॅनमोरच्या वहिनींना, म्हणजे आमच्या मामेभावाच्या बायकोला, हे पटायचंच नाही. "अहो भाऊजी, एकाच देशात राहतो आपण! रविवारी या की जेवायला!"

दादा म्हणाला, "वहिनी, त्या पैशात मी नागपूरला जाऊन आईच्या हातचं जेवेन, आणि येताना तुमच्यासाठी डबा आणेन!"

वहिनींना वाटलं, त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय. दिवाळीपर्यंत अबोला!

* * *

हॉस्पिटलात आणखी एक मराठी डॉक्टर आहेत, पुण्याचे मेहेंदळेकाका. तिकीट एवढं महाग आणि वर जास्तीच्या सामानाचे वेगळे पैसे, म्हणून ब्रॅकनेलला मुलाकडे जाताना काकांनी सगळे कपडे अंगावरच चढवले. सिक्युरिटीवाला म्हणाला, जॅकेट काढा. काढलं. आत स्वेटर. तो काढला, तर आत दुसरा स्वेटर. मग शर्ट, आणि शर्टाखाली शर्ट. मागे ही रांग!

शेवटी तो माणूसच घाबरला. "डॉक्टर, थांबा. ह्याच्या पुढचं बघायचा मला पगार नाही!"

दादा मागेच उभा होता. "काका, पायजमा राहिला की काय घरी?"

काकांनी शांतपणे पँटीचा पाय जरा वर करून दाखवला!

* * *

बेटावर मोठी तपासणी होत नाही. पेशंटला विमानाने ॲबरडीनला, स्कॉटलंडातल्या मोठ्या शहरात पाठवतात. म्हाताऱ्या पेशंटबरोबर सोबतीला एक माणूस जातो, आणि दोघांची तिकिटं सरकार काढतं. त्यामुळे कुणाचा गुडघा दुखला की सगळं गाव त्याची प्रेमाने चौकशी करतं!

विली नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचा गुडघा दाखवायचा होता. सोबतीला मेहेंदळेकाकू निघाल्या. ॲबरडीनला इंडियन दुकान आहे ना! आधी दुकान, मग हॉस्पिटल. काकूंच्या हातात मसाले, लोणची, पापड. कणकेचं पोतं विलीच्या खांद्यावर.

तिथल्या डॉक्टरने विचारलं, "गुडघा कधीपासून दुखतोय?"

विली म्हणाला, "कोणता? डावा दोन वर्षांपासून. उजवा दुकानापासून!"

* * *

आता माझा किस्सा. बेटावर दहनाची सोय नाही. त्यासाठीही ॲबरडीन. मेहेंदळेकाका आणि मी दादाला घेऊन गेलो. अस्थी मिळाल्या की मी तिथूनच लंडन आणि पुढे नागपूर गाठायचं, असं ठरलं होतं. अस्थी मिळाल्या. काका म्हणाले, "पासपोर्ट नीट ठेवलायस ना?"

पासपोर्ट बेटावर. घरी, टीव्हीवर!

मी रस्त्यातच रडायला लागलो. दादा असता तर म्हणाला असता, "का बे मन्या, मेल्यावरही मला एक फेरी जास्तीची मारायला लावतो का?" ते ऐकू आल्यासारखं झालं आणि रडता रडता हसायला आलं. काकांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं. दोघं अस्थी घेऊन पुन्हा बेटावर!

* * *

मग धुकं. विमानं रद्द. तिकडे आई दिवस मोजतेय, आणि आता निघालो नाही तर दहावा हुकणार. काकूंनी अस्थींचा तांब्या लाल कापडात बांधून दिला होता. मी तिकिटं काढली ती दोन. दादाला मी सामानात टाकणार नव्हतो.

काका कळवळले. "अरे, तान्ही पोरं मांडीवर फुकट जातात!"

काकू म्हणाल्या, "अहो, एवढा मोठा डॉक्टर! मांडीवर काय?"

एकदाचं धुकं उठलं. विमान भरत आलेलं. तेवढ्यात एका लहान मुलीला घेऊन तिची आई धावत आली. मुलीच्या डोळ्यावर पट्टी. त्याच दिवशी ॲबरडीनला पोचणं भाग होतं, आणि शिल्लक सीट एकच. आई रडायला लागली. एवढ्याशा पोरीला एकटी कशी पाठवणार?

मी म्हटलं, "दादाची सीट घ्या."

काउंटरवरच्या जेसीबाईंनी दादाला अनेकदा विमानात बसवलेलं. त्या हळूच म्हणाल्या, "नियम असा आहे, की ज्याचं तिकीट त्याने हो म्हणायला लागतं."

मी तांब्याकडे बघितलं. "हो म्हणतोय."

जेसीबाईंनी मान डोलावली आणि बोर्डिंग कार्ड छापलं.

विमान वर गेल्यावर तांब्या मांडीवर घेतला. शेजारी ती मुलगी आईच्या कुशीत झोपलेली. एअर होस्टेस चहा घेऊन आली. तिने मुलीच्या आईला एक कप दिला. मग माझ्यासमोर एक कप ठेवला, एक बिस्कीट ठेवलं. माझ्या मांडीवरच्या तांब्याकडे बघितलं. माझ्या कपाशेजारी दुसरा कप ठेवला, दुसरं बिस्कीट ठेवलं आणि विचारलं, "साखर?"

मी म्हटलं, "मला नको. ह्याच्यात तीन."