तिसरा चेंडू आणि सुनीताची शेवभाजी

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "न्यूमोनिया आहे. उजव्या फुफ्फुसात खाली पांढरं दिसतंय ना, तिथे हवेच्या जागी पू-पाणी साचलंय. ॲडमिट व्हावं लागेल." खरं सांगते, जिवाची भीती मागून वाटली. आधी वाटलं, झालं, आता माझी चूल सुनीताच्या ताब्यात.

सुनीता माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी लासलगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जातो. तिथे फोलपटांच्या धुळीने सगळ्याच खोकतात. गुळाचा खडा तोंडात टाकायचा नि कामाला लागायचं. सुनीता बाईसाहेब मात्र ताप येताच डॉक्टरकडे पळाल्या, गोळ्यांवर बऱ्या झाल्या. "ताई, तुम्हीपण दाखवा ना." मी म्हटलं, "तुझ्यासारखी नाजूक नाय मी."

मग हुडहुडी भरून ताप, छातीत कळ, दोन शब्द बोलले की धाप. ओठ निळे पडले तेव्हा तिनेच मला गाडीत घालून नाशिकला आणलं. म्हणजे तिथेही हीच पुढे!

डॉक्टर म्हणाले, हा कम्युनिटी-अक्वायर्ड न्यूमोनिया. म्हणजे दवाखान्यात नाही, रोजच्या वावरात झालेला. कारण धूळ नव्हे, जंतू. बेडका तपासला, रक्त तपासलं. शिरेतून अँटिबायोटिक आणि नाकाला ऑक्सिजनची नळी.

तशात लेकीचा फोन. "मम्मी, काकूची शेवभाजी लय भारी!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ताप उतरल्यावर तीन चेंडूंचं यंत्र हातात आलं, स्पायरोमीटर, श्वासाचा व्यायाम. मी आपली चूल फुंकावी तशी जीव तोडून फुंकतेय, चेंडू ढिम्म हलेना. डॉक्टर हसले, "मावशी, फुंकायचं नाही, ओढायचं." ओढलं, एक उठला. सुनीताचा चेहरा डोळ्यांपुढे आणून ओढलं, दुसरा उठला. तिसऱ्यासाठी शेवभाजी आठवावी लागली.

बायांनो, ताप आणि धाप असेल तर कांद्याला दोष देत बसू नका. लगेच डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या पूर्ण करा, खळं नि चुलीचा धूर सध्या बंद. म्हणजे चूल तिच्याकडेच! संध्याकाळी तिने ताट वाढलं. शेवभाजीच. पहिला घास घेतला. मेलीने माझ्यापेक्षा चांगली केली होती. कितीतरी दिवसांनी मी न थांबता, धाप न लागता जेवत होते. ती समोर बसून माझ्या छातीकडेच बघत होती, श्वास नीट चाललाय ना म्हणून. तिचे डोळे भरले होते.

"मीठ कमी पडलंय," मी म्हटलं आणि ताट पुढे केलं. "वाढ अजून."