भर मे महिन्यात ओढलेला चोक

पहाडावरची अडीच वर्षं संपवून मी जबलपूरला पोस्टिंगवर आलो, तेव्हा नाईकच्या हुद्द्यावर होतो, दोन फितींचा. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. घर रांझीला, युनिट सायकलने वीस मिनिटांवर. फौजेत असं नशीब फार थोड्यांना मिळतं. आईने पहिल्याच रविवारी अर्ध्या मोहल्ल्याला जेवायला बोलावलं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली. हे लिहायला बसलो ते शेजारच्या मॅडममुळे. त्या बँकेत आहेत, मूळच्या नागपूरच्या. रिटायर झाल्यावर मी घरासमोर छोटं गॅरेज टाकलं, तिथे गेल्या आठवड्यात त्या आपली गॅसकिटवाली जुनी गाडी घेऊन आल्या.

"काका, मिक्श्चर थोडं लीन करून द्या ना. एव्हरेज वाढते म्हणतात."

"नाही करणार."

"काहून? बडा फुहारा चौकातले भैया तर सगळ्यांना करून देऊन राहिले."

"मग त्यांच्याकडेच जा."

त्या रागावून गेल्या. बायको म्हणाली, असं तोडून काहून बोलता, कारण तरी सांगायचं. तिचं बरोबर होतं. कारण न देता नाही म्हणायचं, ही सवय मला वर्दीने लावली. म्हणून आता कारण सांगतो.

पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. एक किलो पेट्रोलला साधारण पंधरा किलो हवा, असा हिशोब. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण रिच. गाडी काळा धूर सोडते, स्पार्क प्लग काजळतो, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि इंजिन लवकर झिजतं. हवा जास्त झाली तर मिश्रण लीन. मग एव्हरेज वाढतं आणि मालक खूश होतो. पण जोर लावायची वेळ आली, चढ आला, ओझं आलं, की तेच इंजिन आतून तापतं. जोराच्या वेळी थोडं जादा पेट्रोल लागतंच, ते आत गारवा ठेवतं. ते नसलं तर व्हॉल्व्ह जळतात, पिस्टन वितळतो. बाहेरून काही दिसत नाही.

पहाडावर हवा पातळ. खालून आलेली जीप तिथे आपोआप रिच होते, खोकते, चढत नाही. म्हणून आम्ही कार्ब्युरेटरमधला जेट बदलून बारीक भोकाचा टाकत असू. जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा तुकडा, त्याच्या भोकातून किती पेट्रोल जायचं ते ठरतं. तिथे ते काम योग्य होतं. खाली येताना तसले चार जेट मी तंबाखूच्या डबीत घालून बरोबर आणले.

जबलपूरच्या युनिटमध्ये प्रत्येक गाडीची केपीएल टेस्ट व्हायची, म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर. आकडे फळ्यावर लागत. आमच्या एमटीओ साहेबांना, म्हणजे गाड्यांचा विभाग सांभाळणाऱ्या कॅप्टनना, फळ्याचं फार वेड. मी तीन नंबरच्या जीपमध्ये बारीक जेट टाकला. टेस्ट सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, एकाच वेगाने. लिटरमागे दीड किलोमीटर वाढलं. रोलकॉलला साहेब सगळ्यांसमोर 'शाबाश' म्हणाले. पोरं मला 'एव्हरेज उस्ताद' म्हणू लागली, आणि मला ते आवडलं.

त्याच संध्याकाळी मी त्या जीपचा प्लग काढून पाहिला. निरोगी इंजिनचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो. हा चुन्यासारखा पांढरा होता. त्याचा अर्थ मला कळत होता. मी प्लग पुसला आणि परत बसवला.

मे महिन्यात युनिट कुंडमच्या जंगलात एक्सरसाइझसाठी गेलं. सकाळी साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारांसह सज्ज उभं राहणं, सहाला मार्च, अकरापर्यंत सगळे सावलीत, असा रोजचा क्रम. मी गाड्यांबरोबर. चौथ्या दिवशी एक सेक्शन, दहाएक जणांची तुकडी, वाट चुकलं आणि उन्हातच राहिलं. १३४० वाजता त्यांनी शिपाई विलास बोंडेला कॅम्पमध्ये उचलून आणलं. वरुडकडचा पोरगा, भरतीला दोन वर्षं झालेली. अंग भट्टीसारखं, घाम बंद, डोळे अर्धे उघडे. हीट स्ट्रोक. अँब्युलन्स दोन पेशंट घेऊन आधीच जबलपूरला गेली होती. उभी होती फक्त तीन नंबर.

१३५५ ला आम्ही निघालो. ड्रायव्हर नाईक रामसजीवन, मागे विलास आणि नर्सिंग असिस्टंट, पुढे मी, मांडीवर वायरलेस सेट. पाण्याचे दोन जेरीकॅन.

"वन कॅज्युअल्टी, हीट स्ट्रोक. मूव्हिंग नाऊ. ओव्हर."

"रॉजर. मेक बेस्ट स्पीड. आउट."

रामसजीवनने बेस्ट स्पीड केला. नर्सिंग असिस्टंट ओल्या चादरीवर पाणी ओतत होता. मधे एकदा विलासने डोळे उघडले आणि मला विचारलं, "उस्ताद, पोचलो का?" मराठीत विचारलं, माझ्या छातीवरचं नाव वाचून असेल. मी म्हणालो, "पोचून राहिलो. झोपू नको."

पहिल्या मोठ्या चढावर इंजिन टणटण वाजू लागलं. टेम्परेचरचा काटा लालमध्ये.

रामसजीवन म्हणाला, "पानी दो उस्ताद, रेडिएटर में डालना पड़ेगा."

मागून नर्सिंग असिस्टंट ओरडला, "पानी कोई नहीं छुएगा."

मी हात पुढे केला आणि चोक अर्धा ओढला. चोक हा थंडीत गाडी सुरू करायला असतो, तो हवा अडवतो आणि मिश्रण रिच करतो. टणटण कमी झाली. जीपने दम पकडला. रामसजीवनने समोर बघतच विचारलं, "गरम इंजिन में चोक?"

मी चोक तसाच धरून ठेवला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. तो जुना ड्रायव्हर होता, त्याला जेटचं कळलं.

तसे आम्ही सहा किलोमीटर गेलो. १४३५ ला इंजिन धडधडलं, बॉनेटखालून निळा-पांढरा धूर आला आणि सगळं शांत झालं. पिस्टनला भोक पडलं होतं. ते रस्त्यावर दुरुस्त होत नाही. मी सेटवर सांगितलं, "व्हेइकल ऑफ रोड. सेंड अँब्युलन्स. ओव्हर." विलासला पळसाच्या सावलीत ठेवलं. दुसरा जेरीकॅन संपला, मग आमच्या बाटल्या संपल्या. मी माझ्या टोपीने त्याला वारा घालत होतो. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

अँब्युलन्स १५२५ ला आली. शिपाई विलास बोंडे १८०५ ला हॉस्पिटलमध्ये वारला.

वर्कशॉपने इंजिन उघडायच्या आधी मी स्वतः जेट काढून एमटीओ साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"किसने लगाया?"

"मैंने, साहब. प्लग सफेद था, वो भी देखा था."

त्यांनी तो तुकडा बोटांत उचलला. म्हणाले, "एव्हरेज मैंने माँगा था." चौकशीत त्यांनी हे वाक्य स्वतःच्या सहीने लिहून दिलं. मला सिव्हिअर रेप्रिमांड मिळाली, म्हणजे रेकॉर्डवर कडक ताशेरा, प्रमोशन मागे पडलं. डॉक्टरांची साक्ष अशी, की वेळेत आणलं असतं तरी वाचला असता हे खात्रीने सांगता येत नाही. लोक मला ते वाक्य धीर द्यायला ऐकवत. मला त्याने कधी धीर आला नाही.

जुलैमध्ये रजा घेऊन मी विलासच्या वरुडजवळच्या गावी गेलो. विलासचे वडील ऑटो चालवायचे. अंगणात बाज टाकून त्यांनी मला बसवलं, चहा दिला. मी सगळं सांगितलं. जेट, पांढरा प्लग, चोक. त्यांना एकही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

"किती वाढलं होतं एव्हरेज?" त्यांनी विचारलं.

"लिटरमागे दीड किलोमीटर."

ते उठून ऑटोजवळ गेले. मला वाटलं, आता जा म्हणतील. ते म्हणाले, "माह्या ऑटोतबी बारीकच जेट हाय. पंधरा वर्सं झाली. स्टँडवर सगळेच टाकतात." मग म्हणाले, "काढून देता काय?"

बाजारातून बरोबर मापाचा जेट आणला. मी अंगणात बसून कार्ब्युरेटर खोलला. ते शेजारी उकिडवे बसून पाने हातात देत होते आणि विलासबद्दल बोलत होते. मी त्या पोराला दीड तास ओळखत होतो, त्या दुपारी जरा जास्त ओळखू लागलो. त्याला पोहता येत नव्हतं. पेरू कच्चेच खायचा. शाळेच्या रस्त्यावर एक चढ आहे, तिथे ऑटो रडायचा.

"मी काही म्हनायच्या आधी खाली उतरून मांगून ढकले," ते म्हणाले. "पाच वर्साचा होता तवापासून. त्याले वाटे, ऑटोतच दम नाही."

जेट बसवून मी ऑटो सुरू केला. ते म्हणाले, चला, पाहून येऊ. आम्ही दोघं त्या चढावर गेलो. ऑटो न थांबता वर चढला, मधे एकदाही आवाज बदलला नाही. वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि हँडल धरून मागे, रिकाम्या रस्त्याकडे बघत बसून राहिले.