मामा, यमू आणि नऊ चिंचोके

आमच्या थोरल्या मामांनी मोजली नाही अशी गोष्ट तापीच्या या काठाला तरी शिल्लक नव्हती. ते कोरीटच्या मराठी शाळेत मास्तर होते आणि गणित हा त्यांचा विषय नसून व्यसन होतं. नंदुरबारला पायी निघाले की पावलं मोजत. वाटेत कुणी राम राम घातला तर राम रामऐवजी 'चार हजार बारा' असं उत्तर मिळे, कारण थांबलं तर मोजणी चुकणार. लग्नाला गेले की जेवण कसं होतं ते सांगता येत नसे, पागोटी किती आणि टोप्या किती हे मात्र बिनचूक सांगत. एकदा तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांनी तासभर उपदेश केला. शेवटी 'काही शंका?' असं विचारल्यावर मामा नम्रपणे म्हणाले, "शंका नाही. आपण 'म्हणजे' सदतीस वेळा म्हणालात." त्या वर्षी त्यांची बढती राहिली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

अशा माणसाच्या पोटी यमू आली, जन्मापासून बहिरी. मी शिकायला मामांकडेच राहत होते आणि यमू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघी खेळताना हातांनी काहीबाही बोलायचो. मामांना ते खपत नसे. हातांना सवय लागली की जीभ आळशी होते, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. यमूने हात उचलला की ते तो खाली धरत आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन 'एक, दोन, तीन' ओरडत. मामी कळवळून म्हणायची, "अहो, तिले भूक लागनी ते तिनी कसं सांगवं?" मामा म्हणत, "तोंडाने सांगेल. धीर धर." त्यांच्या धाकाने मीही तिच्याशी हातांनी बोलणं सोडलं. यमू दिवसभर आमच्या तोंडांकडे बघत बसायची.

ती दहा वर्षांची असताना गावात एक नवा कुंभार राहायला आला. त्याची बायको बहिरी आणि सहा वर्षांची मुलगी जनी, तीही बहिरी. एका दुपारी तो माठ घेऊन घरी आला तेव्हा जनी बरोबर होती. मामांनी तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ओतला आणि तिच्या बापाला म्हटलं, "मी वाटीखाली झाकतो तितकेच चिंचोके हिला काढून ठेवायला सांग." बापाने हातांनी सांगितलं. मामांनी नऊ चिंचोके दाखवून झाकले. जनीने बोटं हलवली आणि ढिगातून नऊ काढले. चौदा झाकले, चौदा काढले. मग मामांनी यमूला बसवलं. तीन झाकले, तिने तीन काढले. नऊ झाकले तेव्हा तिने आठ काढले. पुन्हा नऊ झाकले तर दहा. दर वेळी चिंचोके मांडून ती मामांच्या चेहऱ्याकडे बघे, बरोबर आलं का म्हणून.

"हिला कोणी शिकवलं?" मामांनी जनीकडे बोट दाखवून विचारलं.

"कोनी नही, मास्तर," कुंभार म्हणाला. "तान्ही व्हती तैपासून मायलेकी हातवरी बोलतस. गनती बी त्यामाच उनी."

बोलता बोलता मोजणीही आली, हे ऐकून मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की यमूला घेऊन ते कुंभाराच्या अंगणात जाऊन बसू लागले. कुंभारीण शिकवायची, बापलेक शिकायचे. यमू भराभर शिके; मामा ढ होते. 'पाणी आण' म्हणायचं तर 'म्हैस आण' म्हणत आणि जनी पोट धरून हसे. गावानेही मास्तरला हसून घेतलं. घरी मामीही यमूकडून शिके; महिन्या-दोन महिन्यांत यमूने आईला हातांनी पहिली तक्रार सांगितली, की तिला दुधी अजिबात आवडत नाही. दहा वर्षं ती तो मुकाट्याने खात आली होती. मामी चुलीपुढे बसून रडली.

यमू खूप बोलकी झाली, पण आकडे मात्र तिला नीटसे आले नाहीत. दहापर्यंत ती कशीबशी पोचे, त्यापुढे घसरे. मामांनी वर्षानुवर्षं खटपट केली. एकदा मला म्हणाले, "आधी हिच्याशी बोलायला हवं होतं गं. मी परीक्षाच घेत बसलो." खाली धरलेले ते हात मीही पाहिले होते.

पुढे मी सासरी गेले. मामी वारली, मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि यमूचे हात त्यांना दिसेनासे झाले. शेवटची भेटायला गेले तेव्हा दोघं ओट्यावर बसली होती. यमू त्यांचा हात मांडीवर घेऊन त्यांच्याच बोटांना वळणं देत काहीतरी सांगत होती. बराच वेळ सांगत होती.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"सगळं नाही कळत," मामा म्हणाले. त्यांनी हात तसाच तिच्या हातात राहू दिला. "बोलू दे तिला."